टाकवत नाही, नेसवत नाही

मैत्रिणींनो, तुमच्या घरात जुन्या लुगड्यांचं एखादं गाठोडं आहे का? असेल तर ते टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून हे सांगते आहे.

आम्ही राहतो कळंब्याला, कोल्हापूरच्या दक्षिणेला. तलावाकडची ही बाजू उंच, त्यामुळे नदीच्या पुराचं पाणी आमच्या दारात येत नाही. सासर मात्र प्रयाग चिखलीचं. पंचगंगा जिथं सुरू होते, तो संगम त्या गावाशीच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिथली माणसं होडीतून बाहेर काढावी लागली, त्यांत माझ्या सासूबाईही होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर घराची मागची भिंत खचलेली, चुलीत चिखल भरलेला. "चार दिवस ऱ्हातो आणि जातो," असं म्हणत त्या आमच्याकडे आल्या. हातात एक पिशवी, बस्स! पंधरा दिवसांनी ह्यांनी गावाकडून त्यांची पत्र्याची ट्रंक आणली.

ट्रंकेत त्यांची लुगडी होती. चिखलानं माखलेली, आंबूस वास येणारी. आमचं घर लहान, मुलीची परीक्षा तोंडावर, माझी अर्धवेळ शाळा. तो वास दोन दिवस सोसला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते गाठोडं कचऱ्याच्या गाडीसाठी फाटकाशी ठेवून शाळेत गेले. दुपारी परत येऊन पाहते, तो सगळी लुगडी बादल्यांत भिजत घातलेली! शेजारणीनं सांगितलं, आत्याबाई अनवाणीच गाडीच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून आमचं बोलणं "जेवायला या" आणि "आलो" एवढ्यावर आलं.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली. एका रविवारी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर कापड फाटल्याचा आवाज आला. धावत गेले. आत्याबाईंनी जमिनीवर इरकली लुगडं पसरलं होतं आणि स्वतःच्या हातानं त्याचे तुकडे करत होत्या.

"अहो आत्याबाई, फाडताय कशाला?"

"ठेवून तरी काय करू? तुझ्या मामंजींनी पहिल्या गुळाच्या पैशातनं घेतलं हुतं. नेसवत न्हाई, टाकवत न्हाई. वाकळ तरी हुईल. बस हितं, टोक धर."

मी टोक धरलं. खरं सांगते, बी. ए. झालेली मी, पण तोवर वाकळीला टाका कधी घातला नव्हता.

तुम्हांला करून पाहायची असेल तर आत्याबाईंची रीत सांगते. कपडे चिखलाचे असतील तर आधी साबण लावू नका. नुसत्या पाण्यात भिजवा, गाळ खाली बसू द्या, पाणी बदला. पाणी स्वच्छ निघू लागलं की मग साबण, आणि मग कडक ऊन. कापड सुतीच घ्या. नायलॉनची साडी सुईखाली सरकते आणि पांघरलं की घाम काढते. नऊ वारांच्या लुगड्याचे चार सारखे भाग केले, की सव्वादोन वार लांबीचे चार थर मिळतात. एका माणसाच्या वाकळीला तेवढे पुरतात. विरलेले भाग आत घाला, धड भाग वरखाली. सपाट जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवा, ओल्या हातानं सुरकुत्या काढा, वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. मग कडेनं धावदोरा सुरू करून आत आत येत जा. टाका लहान, ओढ सैल. दोरा ताणलात तर कापड चुण्या धरतं.

आम्ही दोघी समोरासमोरच्या कडांना बसायचो. बोलताना एकमेकींकडे पाहावं लागत नाही, नजर सुईवर असते. हा शिवणाचा मोठाच गुण म्हणायचा! चौथ्या-पाचव्या दिवशी मी टाका घालता घालताच म्हणाले, "आत्याबाई, त्या दिवशी माझं चुकलं." त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "तुला तरी काय ठावं? तू नेसली न्हाईस ती." त्यानंतर मग एकेका तुकड्याबरोबर त्या बोलू लागल्या. हे ह्यांच्या बारशाचं, हे नणंदेच्या लग्नातलं, हे २००५ च्या पुरातनं वाचलेलं. चौदा वर्षांच्या संसारात जे मला कळलं नव्हतं, ते एका हिवाळ्यात कळलं.

शाळेतल्या वाचनामुळे मीही त्यांना चार गोष्टी सांगितल्या. बंगालची कांथा, बिहारची सुजनी. आपल्या शेजारच्या कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या मिझूरी पेटवे या कृष्णवर्णीय बाईनं १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर घेता यावी, एवढ्यासाठीच. त्या खेड्यातल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकल्या. तिकिटांचं आत्याबाईंना काही वाटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तिलाबी टाकवलं नसंल."

पहिली वाकळ होळीपर्यंत झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद, सगळे घरात कोंडलेले. तेव्हा दुसरी घातली. मुलगीसुद्धा टाके घालायला बसू लागली. तिचे टाके वाकडे, पण आत्याबाईंनी एकही उसवू दिला नाही.

वाकळ शिवल्यानं सगळं दुःख पळालं, असं मात्र मी सांगणार नाही. जुलै २०२१ मध्ये गावात पुन्हा पाणी शिरलं. त्या रात्री आत्याबाईंना झोप नव्हती. दोनच्या सुमाराला उठून पाहिलं, तर दिव्याखाली अर्धी वाकळ मांडीवर घेऊन बसलेल्या. मी काही न बोलता दुसऱ्या कडेला बसले. पहाटेपर्यंत आमच्या सहा ओळी झाल्या. गावचं घर पुन्हा उभं राहिलं नाही आणि "चार दिवस" हा शब्दही त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

हल्ली त्यांना सुईचं नेढं दिसत नाही. हात मात्र अजून सरावानं चालतो. म्हणून सकाळी शाळेत निघण्यापूर्वी मी सहा सुया ओवून त्यांच्या उशीला टोचून ठेवते. दुपारी परत येते, तेव्हा सहाही रिकाम्या असतात.