वायपरची कुरकुर

बेळगावात पाऊस एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही. छत्र्या, रेनकोट आणि शेवाळलेल्या भिंती यांच्याबरोबर त्या दिवसांत आणखी एक सोबती असतो. तो म्हणजे मोटारीच्या समोरच्या काचेवर कुरकुरणारा वायपर. चांगला वायपर अबोल असतो. बिघडलेला मात्र प्रत्येक फेऱ्याला तक्रार सांगतो. तिला कानडीत 'सद्दु' म्हणा की मराठीत 'आवाज', ती ऐकून घेणारा कान हवा.

आमचे अप्पा भाड्याची मोटार चालवतात. पावसात चोर्ला घाटातून गोव्याला किंवा आंबोलीवरून सावंतवाडीला जायचे, तर स्वच्छ काच ही चैन नव्हे. वळणावरचा ट्रक पाण्याच्या धूसर पट्ट्याआड क्षणभर दडला तरी पुरे! अलीकडे अप्पांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्यामुळे ऐकण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

"जाताना ओरडतो की येताना, ते आधी सांग. रबर बदलायचे मग बघू," अप्पा म्हणतात.

या प्रश्नातले शास्त्र मला पुढे कॉलेजात उमगले. रबर काचेला चिकटते, दांडा त्याला ओढतो, ताण वाढला की ते सुटते आणि पुन्हा चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की किंचाळी ऐकू येते; सावकाश घडले की पाते थडथड उड्या मारते. व्हायोलिनची तार गजाखाली याच न्यायाने वाजते. फक्त तिथे आपण टाळ्या वाजवतो!

आवाज दोन्ही दिशांना असेल तर पहिला संशय काचेवरच्या तेलाच्या, धुराच्या, पॉलिशच्या तवंगाचा. काच साबणाने धुवावी, रबराची कड ओल्या फडक्याने पुसावी. तरीही कुरकुर राहिली तर कड बोटाने चाचपावी. उन्हाने व हवेतल्या ओझोनने ती ताठ झाली, चिरली असेल, तर नवे रबर घालावे. काच अर्धवट कोरडी असताना होणारा आवाज हा मात्र दोष नव्हे; पाणी हेच त्याचे वंगण.

आवाज एकाच दिशेला असेल तर गोष्ट निराळी. दिशा बदलली की रबराची कड उलट बाजूला कलली पाहिजे. दांडा पिळवटला असेल, तर एका बाजूला ती न कलता ढकलली जाते. तिथे नवे रबर घालूनही उपयोग नाही.

गेल्या आषाढात आमच्या गाडीचे असेच झाले. नवे रबर, तरी परतीच्या फेऱ्याला थडथड. मी तसे सांगताच अप्पांनी पाते काढून ठेवले, दांड्याला फडके गुंडाळले आणि पक्कडीने किंचित पीळ दिला. पाते बसवून पाहिले, तर रबर काचेवर काटकोनात उभे! काचेवर पाणी ओतून वायपर सुरू केला.

"आता?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले.

मी दहा-बारा फेरे कान देऊन ऐकले आणि म्हटले, "गप्प आहे, अप्पा."

त्यांनी मान हलवली, प्रवाशांचे सामान डिकीत ठेवले आणि घाटाकडे निघाले. परीक्षेत उत्तर चुकले तर मार्क जातात. हे उत्तर मात्र मी तेव्हापासून दोनदा ऐकल्याशिवाय देत नाही.