माठ वाजवून पाहावा तसे

१७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडिया प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. गुरुत्वीय लहरींचा पहिला थेट वेध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम सहा दिवस झाले होते. तेव्हापासून दर मोठ्या शोधाच्या वेळी एक मथळा हटकून वाचावयास मिळतो : आता कृष्णविवराच्या अंतरंगात डोकावता येणार! मथळा मोहक आहे, पण भौतिकशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. घटनाक्षितिजाच्या आतून प्रकाश येत नाही, तशी गुरुत्वीय लहरही येत नाही.

तरीही या लहरी पुष्कळ सांगतात. माठ घेताना गिऱ्हाईक त्यावर टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. कृष्णविवराला अशी टिचकी मारून पाहिली ती बंगळूरच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी, अर्थात गणिताच्या आधारे. त्यांनी कृष्णविवरावर लहरींचे पुंजके सोडले. पुंजका रुंद असताना विशेष काही घडेना. तो अरुंद करीत नेला, तेव्हा उत्तरादाखल विरत जाणारा एक नाद उमटला. त्याची कंप्रता आणि विरण्याचा वेग, दोन्ही केवळ कृष्णविवराच्या वस्तुमानावर अवलंबून होते. हा निबंध १९७० साली ‘नेचर’मध्ये आला. कृष्णविवर फिरत असेल, तर वस्तुमानाच्या जोडीला परिवलनही लागते. तिसरे काही नाही. आत काय पडले, लोखंड की हायड्रोजन, याची खूण नादात उरत नाही.

२०१५ च्या पहिल्या वेधात हा नाद सुमारे २५० हर्ट्झचा होता आणि चार सहस्रांश सेकंदांत ओसरू लागला. विश्वेश्वरा यांना तो पाहावयास मिळाला. १६ जानेवारी २०१७ रोजी ते निवर्तले.

मात्र हा नाद माठाच्या पोटातून येत नाही. तो क्षितिजाच्या बाहेर, प्रकाशकिरणही जेथे वर्तुळात फिरू शकतात त्या प्रदेशात घडतो. तेथून लहरीचा काही भाग बाहेर निसटतो, उरलेला आत जातो. आत गेलेला भाग परतला नाही, तर तेथे खरेच क्षितिज आहे. क्षितिजाऐवजी एखादा कठीण पृष्ठभाग असता, तर थोड्या विलंबाने क्षीण प्रतिध्वनी आले असते. ते शोधण्याचे प्रयत्न झाले, पण निर्विवाद प्रतिध्वनी अद्याप सापडलेला नाही. अंतरंगाविषयीचा आजवरचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ही शांतताच होय.

१४ जानेवारी २०२५ रोजी नोंदलेली लहर आजवरच्या सर्वांत स्पष्ट लहरींपैकी एक. तिच्यात एकाऐवजी दोन स्वर ओळखता आले आणि दोन्ही केर यांच्या १९६३ च्या उत्तराशी जुळले. विलीन होण्यापूर्वी दोन्ही क्षितिजांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते. नंतर ते सुमारे ४ लाख झाले. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा कमी, मग महाराष्ट्रापेक्षा जास्त. क्षेत्रफळ घटणार नाही, हे हॉकिंग यांनी १९७१ साली मांडले होते.

ही लहर टिपली ती अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन यंत्रांनी. त्यांच्या भुजा जवळजवळ एकाच रोखाने बसवलेल्या आहेत. त्यामुळे एकमेकांची खातरजमा उत्तम होते. पण लहरीचे ध्रुवीकरण, म्हणजे ती अवकाशाला कोणत्या दिशांनी ताणते, हे त्या दोघांवरून नीट उलगडत नाही. नादातील स्वर वेगळे करताना ही माहिती मोलाची ठरते. त्यासाठी दूरवर, वेगळ्या रोखाचे आणि तितकेच संवेदनक्षम यंत्र हवे. असे यंत्र, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांसह, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहावयाचे आहे. २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिल्लीहून मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये, तत्त्वतः मान्यतेनंतर सात वर्षांनी. इतका काळ का लागावा, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही विचारावयास हवा.

२०२५ च्या संक्रांतीच्या दुपारी ती लहर औंढ्याच्या जमिनीतूनही गेली. तिची नोंद घेणारे यंत्र तेथे नव्हते.