खरखर नेमकी कुठली?

२०१८ साली माझ्या मेजावर एक फाईल आली. (महाराष्ट्रात जिला नस्ती म्हणतात, ती दिल्लीत नुसती फाईल.) एका शासकीय वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या चार लहान विमानांतील रेडिओंत सतत खरखर येते, सबब चारही संच बदलावेत, असा प्रस्ताव होता व त्यास वित्तीय सहमती हवी होती. कारण निःसंशय गंभीर होते. पहिल्यांदाच एकट्याने उडणाऱ्या विशीतल्या मुलाला नियंत्रण मनोऱ्यातून ‘आता उतरू नकोस, पुन्हा फेरी घे’ असे सांगितले जाते, तेव्हा शेजारच्या आसनावर शिक्षक नसतो. कानात येणारा आवाज हाच त्याचा सोबती. तो खरखरीत बुडाला तर काय होऊ शकते, हे कळायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

त्यामुळे शेरे मारून फाईल परत पाठवणे मला प्रशस्त वाटेना. पण एक गोष्ट खटकत होती. चारही संच कार्यशाळेतील चाचणीत निर्दोष ठरले आहेत, असे प्रस्तावातच प्रामाणिकपणे नमूद केले होते. निर्दोष वस्तू बदलून दोष कसा जाणार? हे लिहून विचारले असते तर लेखी उत्तर मिळाले असते. मी जाऊन पाहायचे ठरवले.

तेथील रेडिओ-तंत्रज्ञ वायुसेनेतून निवृत्त झालेले, मूळचे केरळचे गृहस्थ होते. आपल्या वळणाच्या हिंदीत ते म्हणाले, “साहेब, रेडिओ म्हणजे कान. ऐकू येते म्हणून कान बदलायचा का?” हे त्यांनी वरिष्ठांनाही सांगितले होते, पण तोंडी मताला फाईलवर जागा नसते.

विमानांचे बोलणे साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि तेही जुन्या एएम पद्धतीने. एफएम अधिक स्वच्छ असते, मग ते का नको, असा प्रश्न मलाही पडला. एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलू लागले तर प्रबळ आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. एएममध्ये निदान शिट्टीसारखा गोंगाट होतो आणि कुणीतरी मध्ये बोलले हे समजते. ह्या सोयीची किंमत अशी की, ठिणगीचा कडकडाटही बोलण्यासोबत आत शिरतो. आणि लहान विमानात ठिणग्यांना तोटा नाही. एंजिनावर दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणगी-प्लग, वीज पुरवणारा अल्टरनेटर, पंखाच्या टोकावर लुकलुकणारे दिवे, आणि आता भर म्हणून मोबाइलचे चार्जर!

त्यांची पद्धत वजाबाकीची होती. विमान उघड्यावर नेऊन एंजिन चालू करायचे आणि ऐकायचे. फेरे वाढवताना सूर वर चढणारी शीळ आली, तर संशय अल्टरनेटरवर. तो बंद करताच शीळ थांबली तर संशय पक्का. टकटक फेऱ्यांबरोबर जलद होत असेल, तर मॅग्नेटो आळीपाळीने एकेक करून पाहायचे. दिव्याच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर चुंई असा आवाज उठत असेल, तर दिव्याचा वीजसंच. मग एकेक सर्किट ब्रेकर ओढायचा. रेडिओचा आवाज पूर्ण बारीक करूनही खरखर तेवढीच राहिली, तर ती रेडिओतून येतच नाही, पुढच्या श्राव्य जोडणीत कुठेतरी घुसली आहे. अँटेनाची तार काढल्यावर थांबली, तर ती हवेतून येते. न थांबल्यास तारांतून. (तार काढलेली असताना प्रक्षेपणाचे बटण चुकूनही दाबायचे नाही, हे त्यांनी मला, म्हणजे एका हिशेबनीसाला, तीनदा बजावले.) प्रत्येक निरीक्षण वहीत. एका वेळी एकच बदल.

मला राहून राहून रोनाल्ड कोझ आठवत होते. त्यांचा सामाजिक खर्चावरील १९६० चा निबंध एम.ए.ला सर्वांनीच वाचलेला असतो. त्याचे बीज मात्र १९५९ च्या लेखात आहे आणि तो लेख रेडिओ-लहरींच्या वाटपावर, म्हणजे एकाच्या प्रक्षेपणाने दुसऱ्याच्या श्रवणात येणाऱ्या व्यत्ययावर आहे. उपद्रव दुतर्फा असतो, तेव्हा दोषी कोण यापेक्षा तो कमीत कमी खर्चात कुठे टळेल हे पाहावे, असा त्यांचा रोख. अभियंतेही हेच म्हणतात: उगम, वाट आणि ऐकणारा, या तिन्हींपैकी कुठेही खरखर रोखता येते. विमान एकाच मालकाचे असल्याने हा हिशेब सोपा असायला हवा. पण संस्थेत विद्युत शाखा निराळी, रेडिओ शाखा निराळी, आणि दोघींची लेखाशीर्षेही निराळी. अल्टरनेटरने केलेल्या उपद्रवाचा खर्च रेडिओच्या शीर्षाखाली पडत होता, आणि विद्युत शाखेकडे कसलीच तक्रार नव्हती!

तीन दिवसांत उलगडा झाला. एका विमानात अल्टरनेटरचा एक डायोड गेलेला होता. एंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असल्याने ते विमानाच्या सांगाड्याला विजेच्या दृष्टीने जोडणारी वेणीसारखी तांब्याची पट्टी असते. तीही गंजली होती. दुसऱ्यात खरखर फक्त दुपारी येई, आणि दुपारी उडणारे शिक्षक आपला टॅब स्वस्तातल्या चार्जरला लावत.

उरलेल्या दोहोंची कथा मला सर्वांत उद्बोधक वाटली. ती दोन्ही आदल्या वर्षी नव्याने रंगवली होती. अँटेनाच्या बैठकीचा विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याशी धातूला धातू असा संबंध हवा. तेथील रोध ओहमच्या काही हजारांश भागाइतकाच चालतो. रंगाऱ्याने अँटेना काढून खालचा पत्रा सुबक रंगवला आणि वर अँटेना परत बसवली. मनोऱ्याचा आवाज क्षीण झाला, त्यामानाने खरखर मोठी वाटू लागली. रंगकाम वेळेत व अंदाजपत्रकाच्या आत पूर्ण झाल्याची नोंद होती, आणि ती खरीच होती.

संस्थेची बाजूही मांडली पाहिजे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. शोधासाठी विमान उभे राहिले की मुले ताटकळतात, पालकांची पत्रे येतात. नवा संच मागणे हे निदान काहीतरी केल्यासारखे असते. शिवाय भांडवली खरेदीला शीर्ष आहे, निविदा आहे, समिती आहे. तीन दिवस ऐकत बसण्याला कोणते शीर्ष?

संच एकही घेतला नाही. दुरुस्तीचा खर्च इतका किरकोळ होता की तो माझ्यापर्यंत यायचे कारणच नव्हते. टिप्पणीत मी दोन गोष्टी सुचवल्या: तंत्रज्ञांची वही यापुढे प्रस्तावासोबत जोडावी, आणि रंगकामाच्या निविदेत अँटेनाखालची जागा कोरी ठेवण्याची अट असावी. पहिली लगेच मान्य झाली. दुसरी अट रेडिओ शाखेने सुचवायची की देखभाल शाखेने, यावर माझी बदली होईपर्यंत पत्रव्यवहार चालू होता.