एका बॉक्सचं देणं

रायफलची नवी बॅरल रुळवावी लागते, असं मी १२ वर्षं क्लबातल्या पोरांना सांगत आलो. करूनही घ्यायचो. आधी १० वेळा एकेक राउंड मारायचा आणि दरवेळी बॅरल साफ. मग पाच वेळा तीन-तीन, मग पाच वेळा पाच-पाच. बरोबर ५० राउंड, म्हणजे पॉइंट टू-टूचा अख्खा बॉक्स, आणि २० वेळा साफसफाई. संध्याकाळी टेबलावर काळ्या पॅचचा ढीग, हाताला सॉल्व्हंटचा वास, आणि मला सत्यनारायण घातल्यासारखं समाधान.

हा विधी मी मोठ्या बोअरवाल्यांकडून उचलला होता. त्यांच्याकडे त्याला अर्थ तरी आहे. चेंबर कापणाऱ्या रीमरचे बारीक ओरखडे नळीतल्या खाचा सुरू होतात तिथे राहतात. गोळीचं तांब्याचं आवरण त्यांवर खरवडतं आणि पुढे नळीत चिकटतं. ओरखडे गुळगुळीत होईपर्यंत ते तांबं काढत राहायचं, असं ते गणित. चांगल्या, हाताने लॅप केलेल्या, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेल्या बॅरलला याची कितपत गरज, यावर बॅरल बनवणाऱ्यांचंही एकमत नाही. पण आमची मॅचची गोळी शिशाची, ४० ग्रेनची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात. तांबं नावालाही नाही. जे नव्हतंच ते मी १२ वर्षं काढत होतो.

मला फसवलं ते टार्गेटवरच्या गोळ्यांच्या ग्रुपने. साफ केल्यावर पहिल्या गोळ्या भरकटायच्या, पुढे एकत्र यायच्या. मी म्हणायचो, बघा, रुळतेय!

२०२४ साली स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ घेऊन आला आणि पॉइंट टू-टूकडे वळणारी पोरं वाढली. नव्या रायफली आल्या, बॉक्सामागून बॉक्स माझ्या विधीत जाऊ लागले. बाहेरून येणारं अ‍ॅम्युनिशन, त्याची किंमत पालकांनाच विचारा. तेव्हा कुठे मी ते मोजायला लागलो.

पुढच्या पावसाळ्यात रेंज रिकामी असताना माझी जुनी रायफल बाहेर काढली. हजारो राउंड खाल्लेली बॅरल. अगदी लख्ख साफ केली, बेंचवर टेकवली. पहिले आठ राउंड भरकटले. नववा दहाच्या वर्तुळात, म्हणजे १०.४ मिलिमीटरच्या टिकलीत, आणि त्यानंतरचे त्याच्याच पाठोपाठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुन्या बॅरलला रुळायचं काय राहिलं होतं? साफ करताना आतला मेणाचा थर जातो आणि तो पुन्हा बसेपर्यंत गोळी हट्ट करते, एवढंच. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बिडाचा तवा घासला की पहिलं घावन चिकटतंच. तव्याचं वय कोण विचारतं?"

वाईट वाटतं ते साफसफाईच्या रॉडचं. एका पोराकडे रॉडचा गाइड नव्हता. रॉड वाकून चेंबरच्या पुढे घासत होता, अगदी ज्या जागेची काळजी म्हणून हा खटाटोप, तिथेच. मी समोर उभा राहून पॅच मोजत होतो. आणि त्याच ५० राउंडांत पाच लॉट तपासून झाले असते. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं अ‍ॅम्युनिशन लॉट बदलला की एखाद्या बॅरलला आवडतं, एखादीला नाही. स्कोअर तिथे वाढतो.

आता नवी बॅरल आली की कारखान्यातलं तेल पुसायचं आणि मारायला लागायचं.

गेल्या आठवड्यात एका मुलीला म्हटलं, तुझा एक बॉक्स माझ्याकडे लागतो, क्लबच्या साठ्यातून माझ्या खर्चाने देतो. तिने बॉक्स उलटा करून शिक्का वाचला.

"सर, पण हा लॉट वेगळा आहे."