दारातला आग्रा रोड

कल्याण पश्चिमेला दुर्गाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लोक आजही आग्रा रोडच म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, लाइटबिलावर तेच नाव असते. आमचे घर याच रस्त्याच्या एका गल्लीत आहे. आम्ही दोघेही उर्दू शाळेत शिकवतो. मुलांकडून घरचा पत्ता लिहून घेताना दरवर्षी एखादे पोर विचारतेच, "आग्रा तर खूप लांब आहे, मग रस्त्याला त्याचे नाव कसे?" आम्ही फळ्यावर रेघ ओढून दाखवतो: कल्याण, भिवंडी, शहापूर, कसारा, नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, ग्वाल्हेर, आग्रा. सुमारे बाराशे किलोमीटर. नावे तोंडपाठ आहेत. मात्र धुळ्याच्या पुढे आम्ही स्वतः कधी गेलेलो नाही.

गेले ते आमचे अब्बा. १९७४ पासून २००४ पर्यंत तीस वर्षे त्यांनी या रस्त्यावर ट्रक चालवला. भिवंडीहून कापडाच्या गाठी भरायच्या, ताडपत्री कसायची, बिल्टी खिशात घालायची आणि निघायचे. कधी इंदूर, कधी ग्वाल्हेर, कधी थेट आग्रा. दर वर्षी ते आम्हा भावंडांना सांगत, "परीक्षा होऊ दे, केबिनमध्ये बसवून आग्र्याला नेतो." आमच्या मरहूम अम्मी हसून म्हणायच्या, "यांची गाडी महिन्याला आग्र्याला जाते, फक्त आम्हालाच नेत नाही." मे महिना आला की एक तर गाडीचे काम निघायचे, नाहीतर घरात कोणाचे तरी लग्न.

पुढे कमावते आम्ही झालो आणि पुढे ढकलण्याचे कामही आमच्याकडे आले. २००८ मध्ये पहिल्यांदा बेत केला, तेव्हा घराचे कर्ज निघाले. नंतर बीएडची फी, मग मुले लहान. मग अम्मी आजारी पडल्या आणि २०१६ मध्ये अल्लाहच्या रहमतीत गेल्या. त्यांचे आग्रा राहून गेले. २०२० च्या मे महिन्यात नक्की जायचे म्हणून आम्ही गाडीचे टायर बदलून घेतले, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. त्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर माणसे डोक्यावर बोचकी घेऊन, पोरे कडेवर घेऊन नाशिकच्या दिशेने चालत होती. मोहल्ल्यातील लोकांबरोबर आम्ही पडघ्याजवळ पाणी आणि खजूर वाटायला गेलो होतो. ज्या रस्त्याने सहलीला जायचे होते, त्या रस्त्याने लोक उपाशीपोटी घर गाठायला निघाले होते. त्यानंतर बरेच दिवस घरात कोणी सहलीचा विषय काढला नाही.

या वर्षी तो अब्बांच्या डोळ्यांमुळे निघाला. अब्बा आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली टिकवता येईल. दवाखान्यातून परत येताना दुर्गाडीच्या पुलावर अब्बा म्हणाले, "ताजमहाल राहिला बघायचा."

आम्हाला वाटले, चुकून बोलले. तीस वर्षे आग्र्याला जाणाऱ्या माणसाने ताजमहाल पाहिला नाही? पण खरेच पाहिला नव्हता. "माल उतरवायचा, परतीचे भाडे शोधायचे, दोन तास झोपायचे. पुलावरून लांबून घुमट दिसायचा. म्हटलं, बायकामुलांना आणीन तेव्हा जवळून बघू." एवढे बोलून ते गप्प झाले. त्या रात्री आम्ही कॅलेंडर काढले आणि दिवाळीच्या सुट्टीवर खूण केली.

ट्रेनने जाता येते, कल्याणहून थेट गाड्या आहेत, हे आम्ही सांगून पाहिले. अब्बा म्हणाले, "ट्रेनला माझी काय गरज? रस्त्यानं जाऊ, तर मी काही दाखवीन तरी." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

गेले दोन महिने रात्रीचे जेवण झाले की आमची लेक, नववीत आहे, वही घेऊन बसते. अब्बा बोलतात, ती लिहिते. मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे चहा. सावळद्याला तापीचा पूल. पळासनेर सोडले की बिजासन घाट, तिथे गाडी गरम होते. खलघाटला नर्मदा, तिथे वुजू करून नमाज. चंबळचा पूल रात्री ओलांडायचा नाही. लेक मोबाइलवर नकाशा उघडून प्रत्येक गाव शोधते आणि हिरमुसते, "दादा, हायवे आता या गावातून जातच नाही." बहुतेक ठिकाणी बाहेरून वळणरस्ता झाला आहे. रस्त्याचा क्रमांकही राहिलेला नाही. अब्बांसाठी तो 'तीन नंबर' होता. २०१० नंतर क्रमांक बदलले आणि त्याच रस्त्याचे तुकडे कुठे ६०, कुठे ५२, कुठे ४६, तर कुठे ४४ झाले. तेव्हा आम्ही ठरवले, रोज एका गावात तरी वळणरस्ता सोडून आत शिरायचे.

मालेगावात तर शिरायचेच. १८५७ नंतर उत्तरेकडील विणकर कुटुंबे आपले माग सोडून दक्षिणेला निघाली, ती याच वाटेने. कोणी मालेगावात थांबले, कोणी धुळ्यात, कोणी भिवंडीपर्यंत आले. आमच्या वर्गातील कितीतरी मुलांचे पणजोबा या रस्त्याने आले आहेत. त्याहीआधी, १३४२ मध्ये, इब्न बतूता दिल्लीहून निघून ग्वाल्हेर, धार, उज्जैन करत दौलताबादेला आला आणि पुढे नंदुरबारमार्गे खंबायतला गेला. मुलांना हे धड्यातून शिकवणे वेगळे आणि धारच्या वाटेवर उभे राहून सांगणे वेगळे.

इतिहास वाचू लागलो तसे एक लक्षात आले. ताजमहालची गोष्ट आग्र्यात सुरूच होत नाही. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारल्या. त्यांना आधी तिथे तापीकाठी दफन केले आणि मग आग्र्याला नेले. सावळद्याच्या पुलाखालून वाहते ती हीच तापी. पुढे मांडूला होशंगशाहचा संगमरवरी मकबरा आहे, ताजपेक्षा सुमारे दोनशे वर्षे जुना. शाहजहानच्या वास्तुकारांनी १६५९ मध्ये तिथे येऊन आदराने शिलालेख लावला आहे. त्यामुळे मांडूचा मुक्काम ठरला. ग्वाल्हेरला हजरत मुहम्मद गौस यांचा मकबरा आणि त्याच्या आवारात तानसेनची कबर. तेही वहीत आले.

मुक्काम असे: शनिवारी फज्रनंतर निघून धुळे, रविवारी मांडू, सोमवारी बियावरा, मंगळवारी ग्वाल्हेर, बुधवारी आग्रा. कोणत्याही दिवशी गाडी तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरपेक्षा जास्त चालवायची नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचे. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो, म्हणून गुरुवारची सकाळ राखून ठेवली. तिथे पेट्रोल-डिझेलची वाहने अलीकडेच थांबवतात. पुढे अब्बांसाठी बॅटरीवरची गाडी घ्यायची. डोळ्यांचे थेंब थंड राहावेत म्हणून बर्फाची छोटी पेटी घेतली आहे. आम्ही शाफई, सफरीत चार रकातींच्या नमाजा दोन-दोन होतात आणि जुहर-असर, मगरिब-इशा एकत्र पढता येतात. अब्बांनी ही सवलत आयुष्यभर वापरली, आता मुलांना ते स्वतः समजावतात.

वाद झाला तो फक्त पहिल्या शंभर किलोमीटरचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच, म्हणजे आमच्या घरामागेच. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट लागतच नाही. आमचा मुलगा म्हणाला, त्यानेच जाऊ, वेळ वाचेल. आम्हालाही पटले होते. अब्बा एवढेच म्हणाले, "घाट नाही चढलो तर सफर सुरू झाली असं वाटणार नाही." कसाऱ्याच्या घाटात त्यांनी एकदा ब्रेक निकामी झालेली गाडी डोंगराला टेकवून थांबवली होती. ती जागा त्यांना नातवंडांना दाखवायची आहे. नजर साथ देईल का, असे आम्ही हळूच विचारले. म्हणाले, "तुम्ही वळणं मोजा. कुठलं ते मी सांगतो."

जाताना कसारा आणि येताना समृद्धी, असे ठरले.

गाडीचा विमा, पीयूसी, फास्टॅग झाले. रजेचा अर्ज द्यावा लागला नाही, सुट्टीच आहे. निवडणुकीचे किंवा सर्वेक्षणाचे काम अंगावर आले तर काय, ही धाकधूक आहे; पण या वेळी आमच्यापैकी एक जण मागे राहील आणि बाकीचे जातील, हेही आम्ही आधीच ठरवून टाकले आहे. सतरा वर्षांत हे एवढेच शिकलो. सगळे जुळून येईल त्या दिवसाची वाट पाहत बसलो, तर तो येईपर्यंत बरोबर येणारी माणसेच कमी होतात. अम्मींच्या बाबतीत ते झाले.

काल लेकीने वही पूर्ण केली आणि शेवटच्या पानावर आग्र्यापुढे काय लिहू, असे विचारले. अब्बांनी तिला अम्मींचे नाव लिहायला सांगितले. "तिच्यासाठी तिथल्या मशिदीत दोन रकात नफिल पढायच्या आहेत. विसरलो तर आठवण कर."

शनिवारी पहाटे निघतो आहोत, इन्शाअल्लाह. वाचकांनी दुआ करावी. आणि तुमच्याही घरात अशी एखादी सफर राहून गेली असेल, तर आज जेवणानंतर वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. निघणे पुढचे पुढे. निदान रस्ता तरी लिहून घ्या.