वही कोणाच्या हाती?

२०२५ सालच्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून आमच्या धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला. एरवी ती बोलू लागली की आधी रविवारच्या प्रवचनाची, मग मंडईतल्या भावांची आणि शेवटी स्वतःच्या प्रकृतीची हकीकत सांगते. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, “दादा, तू येऊन जा. फोनवर सांगण्यासारखे नाही.” दुसऱ्या दिवशी पहाटेची एस. टी. धरून आम्ही सांगलीहून कऱ्हाडमार्गे साताऱ्यास पोहोचलो.

घरात आमचा भाचा खाली मान घालून बसला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो नोकरीस आहे. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी. निदान आम्ही तसे समजत होतो. गेली दोन वर्षे तो मोबाईलवर पैसे लावून क्रिकेटचे संघ बनवीत होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यास मान्यता दिली आणि त्याच सुमारास मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. भाचा सांगत होता, “मामा, खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले होते.”

तथापि तो सुटला नव्हता. नोव्हेंबरात त्यास एक दूरध्वनी आला. ‘सरकारच्या आदेशाने तुमची शिल्लक परत करावयाची आहे,’ असे पलीकडचा गृहस्थ अदबीने म्हणाला. त्याने भाच्याचे पूर्ण नाव सांगितले, जन्मतारीख सांगितली, बँकेचे नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगितले. इतकेच नव्हे, तर कोणत्या महिन्यात त्याने सर्वांत अधिक पैसे लावले होते तेही सांगितले. भाच्याने मोबाईलवर आलेला ओटीपी त्यास वाचून दाखविला आणि खात्यातले ४२ हजार रुपये गेले. ते पैसे आमच्या बहिणीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूस ठेवलेले होते.

“अरे, अनोळखी माणसास ओटीपी सांगू नये, हे तुला कोणी सांगितले नव्हते काय?” आम्ही विचारले.

“सांगितले होते, मामा. पण त्याला माझे एवढे सगळे ठाऊक होते. मग तो खोटा कसा वाटणार?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. लाजेपोटी त्याने तीन दिवस कोणास काही सांगितले नव्हते आणि त्या तीन दिवसांत पैसे या खात्यातून त्या खात्यात पुढे सरकले होते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविली, सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. नऊ हजार रुपये एका खात्यात अडवून ठेवता आले. बाकीचे अद्याप आलेले नाहीत.

परतीच्या गाडीत भाच्याचा प्रश्न आमची पाठ सोडीना. आम्ही एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासनीस म्हणून ३१ वर्षे काढली आहेत. एखादी पेढी बंद पडली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे: वह्या कोठे आहेत? येथे तर दुकान बंद झाले होते, दुकानाची वही मात्र कोणाच्या तरी हाती फिरत होती. ती कोठून फुटली, याचा शोध लावणे आमच्या हातात नाही. तो आळ आम्ही कोणावरही घेत नाही. परंतु जुगाराच्या निरनिराळ्या पेढ्या आपल्या गिऱ्हाइकाविषयी किती जाणतात आणि ते कसे राखतात, याचा हिशेब तपासनिसाच्या सवयीने आम्ही मनाशी मांडू लागलो.

आमच्या तरुणपणी मटक्याचा जोर होता. मुंबईत आरंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव ही या आकड्यांची जननी होती. ते भाव येणे थांबल्यावर मटक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. रतन खत्री हे नाव तेव्हा खेडोपाडी ठाऊक होते. पानपट्टीच्या आडोशाला उभा राहणारा मनुष्य चिठ्ठीवर आकडा आणि रक्कम लिही. खेळणाऱ्याचे नाव त्यावर नसे. निकाल लागला की चिठ्ठी फाटे. त्या धंद्याने किती चुली विझविल्या ते आम्ही पाहिले आहे. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली तो गुन्हाच होता, आणि त्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच नमूद करतो की, त्या वहीत गिऱ्हाइकाचे काहीच नव्हते, म्हणून चोरण्यासारखेही काही नव्हते.

दुसरी पेढी सरकारची. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिकीट ज्याच्या हाती, बक्षीस त्याचे. तिकीट घेताना नावगाव कोणी विचारीत नसे. मोठे बक्षीस लागले तरच कागदपत्रे द्यावी लागत. येथे गिऱ्हाइकाच्या माहितीपेक्षा सोडतीच्या सचोटीला अधिक जपावे लागते. सोडत यंत्राच्या हाती गेल्यावर काय घडू शकते, हे अमेरिकेतील आयोवा राज्याने पाहिले. तेथे अनेक राज्यांच्या सामाईक लॉटरी संघटनेत एडी टिप्टन नावाचा अधिकारी होता. वर्षातल्या मोजक्या तारखांना निघणाऱ्या आकड्यांचा आधीच अदमास घेता यावा, अशी कळ त्याने आकडे काढणाऱ्या संगणकात दडवून ठेवली होती. २९ डिसेंबर २०१० च्या सोडतीत एक कोटी पासष्ट लाख डॉलरचे बक्षीस लागलेले तिकीट त्याने स्वतःच विकत घेतले होते. दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीवरून तो ओळखला गेला आणि २०१७ मध्ये त्यास २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. या गृहस्थाचा हुद्दा काय होता? माहिती-सुरक्षा विभागाचा संचालक! कुलूप मजबूत होते. किल्लीवालाच चोर निघाला.

तिसरी पेढी कॅसिनोची. गोव्यात मांडवीच्या पात्रात उभी असलेली जहाजे आपल्यापैकी पुष्कळांनी काठावरून पाहिली असतील. तथापि या धंद्याची राजधानी लास व्हेगास, आणि तुलना करावयाची तर तेथलीच करावी, कारण तेथे एकाच नियमाखाली, थोड्याच काळात दोन पेढ्यांवर घाला पडला. नेवाडा राज्याच्या जुगार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केला: प्रत्येक मोठ्या कॅसिनोने आपल्या संगणकांना असलेला धोका २०२३ च्या अखेरीपर्यंत तपासून घ्यावा आणि घाला पडल्यास ७२ तासांत कळवावे. मुदत संपण्याआधीच, २०२३ मध्ये, सीझर्स आणि एमजीएम या दोन बलाढ्य कंपन्यांत चोर शिरले. सीझर्सच्या बाहेरच्या संगणक-कंत्राटदारास बोलण्यात गुंडाळून ते आत आले, असे त्या कंपनीनेच आपल्या निवेदनात सांगितले. वृत्तपत्रांतील माहितीप्रमाणे सीझर्सने सुमारे दीड कोटी डॉलर खंडणी देऊन प्रकरण मिटविले. एमजीएमने खंडणी नाकारली. तिची यंत्रे बंद पडली, हॉटेलच्या खोल्यांच्या किल्ल्या चालेनाशा झाल्या आणि सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसला. एकीने पैसे दिले, दुसरीने बाणा राखला. गिऱ्हाइकांची माहिती मात्र दोघींकडून गेली. पत्त्यांच्या टेबलावर शेकडो कॅमेरे रोखून बसलेल्या धंद्यात चोर गोड बोलून शिरला. साताऱ्यात आमच्या भाच्याच्या घरातही तो तसाच शिरला होता.

चौथी पेढी मोबाईलमधली. मटकेवाल्यास आकडा ठाऊक होता, लॉटरीवाल्यास तिकीट, कॅसिनोवाल्यास चेहरा. मोबाईलवरील पेढीस पॅन कार्ड ठाऊक असते, बँकेचे खाते ठाऊक असते, आपण रात्री किती वाजेपर्यंत जागतो, हरल्यावर दुप्पट लावतो की थांबतो, हेही ठाऊक असते. थोडक्यात, माणसाचे दुखरे बोट कोणते, याची नोंद तिच्यापाशी असते. अशी वही चोराच्या हाती पडली की त्यास वेगळे कसब लागत नाही. हरलेल्या माणसास ‘तुमचे पैसे परत येत आहेत’ हे शब्द किती गोड लागतात, ते त्याला ठाऊक असते.

यावर नियम नाहीत असे नव्हे. आपल्या देशात २०२२ पासून सायबर घाल्याची खबर सहा तासांत सरकारी यंत्रणेस देणे बंधनकारक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात राखणीत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या मात्र दीड वर्षाने, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हावयाच्या आहेत. ५० लाख किंवा अधिक नोंदणी असलेल्या खेळाच्या कंपनीने, खेळणारा तीन वर्षे फिरकला नाही तर त्याची माहिती पुसावी, असे त्यांत म्हटले आहे. लहान कंपन्यांना अशी ठरावीक मुदत नाही. काम संपले की माहिती पुसावी, एवढेच त्यांच्यासाठी. आणि परदेशात बसून चोरून सट्टा घेणारे तर कोणत्याच यादीत नाहीत. म्हणजे कायदा मानणाऱ्याने दुकान मिटले. न मानणाऱ्याकडे कोणता तपासनीस जाणार?

मानणाऱ्याकडेही तपासनीस गेला म्हणून राखण होतेच असे नाही. हे आम्ही स्वतःच्या पापाची कबुली म्हणून सांगतो. बँकेच्या एका शाखेत तपासणीस गेलो असता तक्त्यात प्रश्न होता: पासवर्ड वेळोवेळी बदलले जातात काय? शाखाधिकाऱ्यांनी ‘होय’ म्हटले, आम्ही ‘होय’ लिहिले. दुपारी चहा पिताना कळफलकाखालून डोकावणारी चिठ्ठी आम्ही पाहिली. तीवर तोच पासवर्ड लिहिलेला होता. अहवाल टंकलिखित झाला होता. आम्ही चिठ्ठी फाडावयास सांगितली आणि अहवाल तसाच ठेवला. पुढे दोषदुरुस्ती अहवालही वेळेवर आला आणि फाईल बंद झाली. कागद निर्दोष होता. शाखा निर्दोष होती असे आम्ही आजही म्हणू धजत नाही.

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमालगत हळदीची पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. आत हवा खेळत नसे, म्हणून कीड जगत नसे. व्यापारी निर्धास्त असत. २००५ च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरले. तोंड लिंपणाऱ्याने आपले काम चोख केले असेल. पण नदी तोंडाची वाट पाहत नाही. नियमांची पूर्तता म्हणजे पेवाचे तोंड लिंपणे होय. ते केलेच पाहिजे. मात्र आत काय साठविले आहे, त्यातले किती साठविण्याची खरोखर गरज आहे आणि पाणी कोठून येऊ शकेल, हा विचार तोंड लिंपून होत नाही. ज्या पेढीने गरजेपुरतेच विचारले आणि काम होताच पुसून टाकले, तिचे नियम थोडे असले तरी गिऱ्हाईक अधिक सुरक्षित. आमच्या हिशेबाची बेरीज एवढीच आली.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ दैवाच्या खेळास सरसकट पाप म्हणत नाही. स्वतःच्या आणि आपल्यांच्या गरजेचा घास त्यात जाऊ लागला की तो खेळ अन्याय ठरतो, असे सांगतो. आईच्या डोळ्यांचे पैसे हा असाच घास होता. भाच्यास आम्ही रागावलो नाही असे नाही. परंतु त्यास शेजारी बसवून, त्याची जेथे जेथे खाती होती तेथे तेथे माहिती पुसून टाकण्याची लेखी मागणी केली, बँकेतून आपोआप पैसे कापण्याच्या परवानग्या रद्द केल्या, आणि एक गोष्ट त्याच्याकडून घोकून घेतली: जो आपल्याविषयी फार जाणतो, तो आपला असतोच असे नाही. वाचकहो, आपल्या घरातही हे एकदा बोलावे. आणि घाला पडलाच तर लाज तीन दिवस उराशी धरू नये. त्याच घटकेस १९३० ला कळवावे.

सांगलीस परतल्यावर रविवारी मिस्सेनंतर आम्ही सॅक्रिस्टीतले जुने कपाट उघडले. सणाच्या सोडतीचा हिशेब गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. तेथे रबराने बांधलेले तिकिटांच्या स्थळप्रतींचे गठ्ठे होते. प्रत्येकीवर धर्मग्रामातल्या कोणाचे तरी नाव, पत्ता, दूरध्वनी. बक्षीस नेणाऱ्यांच्या तर आधार कार्डांच्या छायाप्रतीसुद्धा. सोडत झाली, मिक्सर आणि सायकल लोक घेऊन गेले, हिशेब मंजूर झाला. हे कागद कोणासाठी ठेवले होते? कपाटास कुलूप नव्हते. त्या आम्हीच मागितल्या होत्या, कारण तशी पद्धत पडली होती.

फादरांना विचारून आम्ही ते गठ्ठे मागच्या अंगणात नेले आणि पेटविले. भाचा सुट्टीला आला होता. तोच काडीने कागद सारखे करीत होता. शेवटचा गठ्ठा टाकताना तो म्हणाला, “मामा, पुढच्या सणाला नुसता नंबर लिहू या. नाव कशाला?” आम्ही होय म्हटले. या खेपेचे ‘होय’ लिहिण्यापूर्वी राख कालवून, आत कागदाचा तुकडा उरला नाही ना, ते आम्ही स्वतः पाहिले.