मेजवानीतला खून आणि प्रेक्षकांचा कौल

भोजन चालू असताना उपस्थितांपैकी एकाचा खून होतो आणि जेवणारेच त्याचा तपास लावतात, असा एक नाट्यप्रकार इंग्लंड-अमेरिकेत गेली काही दशके रुजलेला आहे. हॉटेले, पर्यटकांची जहाजे, संस्थांचे निधिसंकलनाचे कार्यक्रम ही त्याची ठिकाणे. करमणुकीचा एक किरकोळ प्रकार म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते आणि आपल्या नाट्यविचारात त्याचा उल्लेखही क्वचितच आढळतो. अमेरिकेतील वास्तव्यात तेथील एका मराठी मंडळासाठी असे तीन प्रयोग मी लिहिले आणि बसविले. संहितेचा अर्थ वाचक घडवितो, हे विधान आपण वर्गात वारंवार उच्चारतो. या प्रयोगांत ते अक्षरशः अमलात येते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा घेण्यास हा क्षुल्लक वाटणारा प्रकार सोयीचा आहे, असे मला वाटते.

प्रेक्षकाच्या हाती निकाल देण्याची कल्पना तशी जुनी आहे. आयन रँड यांच्या ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’ या नाटकात ज्यूरीतील बारा जण प्रेक्षकांतून निवडले जात आणि त्यांच्या निर्णयानुसार दोहोंपैकी एक शेवट सादर होई. १९३५ मध्ये ते ब्रॉडवेवर आले. पुढे जर्मन नाटककार पाउल प्योर्टनर यांनी प्रेक्षकाला खेळगडी मानणाऱ्या रंगभूमीचा पुरस्कार केला. त्यांच्या १९६३ च्या ‘शेरेनश्निट’ या नाटकावरून बेतलेले ‘शीअर मॅडनेस’ १९८० मध्ये बोस्टनच्या चार्ल्स प्लेहाउसमध्ये सुरू झाले आणि २०२० पर्यंत तेथे चालले. केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका पियानोवादिकेचा खून होतो. पोलीस संशयितांना घडलेला प्रसंग पुन्हा करून दाखवायला लावतात, आणि त्यांनी एखादी हालचाल गाळली वा बदलली की प्रेक्षक ओरडून ती दुरुस्त करतात. अखेरीस खुनी कोण हे प्रेक्षकच बहुमताने ठरवितात. युरोपातील प्रायोगिक जाणिवेतून निघालेला हा घाट अमेरिकेत पोचल्यावर विनोदी करमणुकीचा झाला, हे स्थित्यंतरही लक्षात घेण्याजोगे आहे.

भोजनासोबतच्या रहस्यनाट्याचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्यात खुनी आधीच निश्चित असतो आणि प्रेक्षकाने त्याला शोधायचे असते. दुसऱ्यात खुनी मतदानाने ठरतो. वरवर हा फरक तपशिलाचा वाटतो. पण दोहोंची कथनमीमांसा भिन्न आहे. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, रहस्यकथेत दोन कथा नांदत असतात : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असते पण अनुपस्थित असते. दुसरी उपस्थित असते, परंतु पहिलीपर्यंत पोचविणे एवढेच तिचे प्रयोजन असते. निश्चित खुनी असलेल्या प्रयोगाला ही मांडणी तंतोतंत लागू पडते. मतदानाच्या प्रयोगात मात्र पहिली कथा अस्तित्वातच नसते. तपास संपल्यानंतर, मतमोजणीच्या क्षणी, गुन्हा मागाहून घडतो. कारण परिणामाच्या पाठोपाठ येते, आणि तरीही प्रेक्षकाला आपण काही शोधून काढले असेच वाटत राहते.

या रिकाम्या जागेचे सर्वांत प्रामाणिक नाट्यरूप म्हणून रूपर्ट होम्स यांच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या संगीतिकेचा निर्देश करावा लागेल. डिकन्स १८७० च्या जूनमध्ये निवर्तले तेव्हा नियोजित बारांपैकी सहाच भागांपुरती ती कादंबरी लिहून झालेली होती. १९८५ च्या संगीतिकेत नट त्या ठिकाणी थांबतात, लेखकाची लेखणी येथे थांबली असे सांगतात आणि प्रेक्षकांचा कौल घेतात. प्रत्येक संशयिताचे कबुलीगीत तयार असते. लेखकाचा मृत्यू ही बार्थ यांची संकल्पना येथे चरित्रातील घटना होऊन येते. पण म्हणून प्रेक्षक लेखक होतो काय? त्याने निवडलेले प्रत्येक गीत आधीच लिहिलेले, आधीच पाठ केलेले असते. उंबेर्तो एको ज्याला मुक्त कृती म्हणतात, ती काही मोजक्या बंद कृतींची बेरीज ठरण्याचा धोका असतो तो असा.

प्रयोग बसविताना या तात्त्विक प्रश्नांना व्यवहाराचे रूप येते. माझ्या संहितेत एका धनिक वृद्धाच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ योजिला होता, त्यामुळे जेवणारे आपोआपच निमंत्रित आप्तेष्ट झाले. संशयित पाच : थोरला मुलगा, सून, वकील, डॉक्टर आणि वृद्धाला सांभाळणारी बाई. अशा प्रयोगात नटाला सलग संवाद देऊन भागत नाही. आपण कोण, कोणत्या वेळी कोठे होतो, कोणाविषयी काय ठाऊक आहे, याचे टिपण द्यावे लागते, कारण प्रेक्षक काय विचारील याचा नेम नसतो. निश्चित खुन्याच्या प्रयोगात खोटे बोलण्याची मुभा बहुधा एकट्या खुन्याला असते. इतरांनी लपवावे, पण खोटे बोलू नये, असा संकेत आहे. मतदानाच्या प्रयोगात हा संकेत कोसळतो, कारण खोटे बोलण्याचा अधिकार कोणाला आहे हे त्या क्षणी खुद्द नटालाही माहीत नसते. शिवाय प्रयोगाची लय दिग्दर्शकापेक्षा स्वयंपाकघर ठरविते. गरम पुऱ्या बाहेर आल्या की कितीही रंगलेली उलटतपासणी आवरती घ्यावी लागते. पानावर बसलेल्यांचे लक्ष विभागलेले असते, म्हणून प्रत्येक पुरावा निरनिराळ्या मुखांतून दोन-तीनदा यावा लागतो. मौनाला तेथे जागा नाही. मौन म्हणजे वाढप्यांची वेळ.

भोजन आणि नाट्य यांचा संबंध आपल्या परंपरेला नवा नाही. नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचा आस्वाद घेणाऱ्या सुमनस पुरुषाचा दृष्टांत देऊनच भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उकल केली आहे. मेजवानीच्या नाट्यात तो दृष्टांत वस्तुस्थिती होतो, आणि नेमका तेथेच रस हरवतो. वृद्ध कोसळल्यावर प्रेक्षागृहात हशा पिकला, तिन्ही वेळा. समोर मृत्यू आहे, पण शोक हा स्थायिभाव जागा होत नाही, कारण प्रेत हे येथे केवळ एक प्रश्नचिन्ह असते. साधारणीकरणासाठी प्रेक्षकाला आपले मीपण काही काळ विसरावे लागते. येथे तर त्याला क्षणोक्षणी आठवण करून दिली जाते की, तो स्वतः उपस्थित आहे, त्याचे मत मोलाचे आहे, आणि वाटीतली बासुंदी संपत आली आहे.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न उभा राहिला तो मतपत्रिकांमुळे. पाचही संशयितांविरुद्धचे पुरावे मी जाणीवपूर्वक तुल्यबळ ठेवले होते. औषधाची बाटली डॉक्टरने भरलेली होती, खोलीची किल्ली मुलाकडे होती, मृत्युपत्राचा मसुदा वकिलाने बदलला होता, रात्रीचे दूध सुनेने नेले होते आणि ते पाजले होते बाईने. पहिल्या दोन्ही प्रयोगांत बहुमत त्या बाईच्या विरोधात गेले. प्रेक्षक सुशिक्षित, उदारमतवादी, व्यक्तिशः कोणावर अन्याय न करणारे होते. जेवताना त्यांनी तिला प्रश्नही फारच थोडे विचारले. डॉक्टर आणि वकील यांच्याशी त्यांनी हुज्जत घातली, त्यांच्या युक्तिवादांना दाद दिली, आणि कौल मात्र जिच्याशी बोलण्यासारखे काही नव्हते तिच्या विरुद्ध दिला. वाचक अर्थ घडवितो, हे खरेच. पण तो ज्या सामग्रीतून घडवितो ती त्याने आवारात शिरताना सोबत आणलेली असते. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थनिर्णायक समूह म्हणतात, त्याचा चेहरा त्या मतपत्रिकांत मला दिसला, आणि तो ओळखीचा होता.

येथे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण अपरिहार्य आहे. १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्या नाटकातही एक खेळ खटल्याचे रूप घेतो आणि खेळ आहे म्हणूनच त्यातील क्रौर्य मोकाट सुटते. तेथे काशीकर, सुखात्मे मंडळी बेणारेला घेरतात आणि आपण अंधारात बसून त्यांना पाहतो. त्या अंतरामुळेच आपल्याला त्यांचा खेळ खेळ राहिलेला नाही हे कळते. मेजवानीच्या नाट्याने हे अंतर पुसून टाकलेले असते. तेथे काशीकरांची खुर्ची रिकामी ठेवून ती आपल्याला देऊ केली जाते, आणि आपण आनंदाने बसतो. सहभाग वाढला की जाणीव वाढते, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकाला कर्ता करण्याचा जो आग्रह धरला, तोही सहभागाचाच. परंतु त्यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक उठतो तो पीडिताच्या जागी स्वतः उभा राहून दुसरा मार्ग शोधण्यासाठी. त्या जागी उभे राहिल्यावर त्याला अडचणी कळतात, त्याचे शरीर अडखळते. मेजवानीत तो जागेवरून न उठता दुसऱ्याला दोषी ठरवितो. दोहोंना सहभागाचे नाट्य असे एकच नाव देणे समीक्षेला सोयीचे असले, तरी दिशाभूल करणारे आहे. प्रेक्षक बोलतो की नाही, हा निकष अपुरा आहे. बोलण्याची त्याला काही किंमत मोजावी लागते काय, हे पाहिले पाहिजे.

तिसऱ्या प्रयोगाच्या वेळी मतपत्रिकेत एकच भर घातली. नावाखाली कारण लिहावे आणि प्रत्येक टेबलाने ते उभे राहून वाचून दाखवावे, तेही ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडे पाहून. संहितेत दुसरा बदल नव्हता. बाईची भूमिका करणारी नटी हात पदराला पुसत उभी होती. बहुमत या वेळी कोणाच्याही बाजूने झाले नाही, कौल विखुरले. दोन टेबलांनी कागद कोरे परत केले आणि एवढ्यावरून सांगता येत नाही असे सांगितले. पाचही शेवटांची तालीम झालेली होती. या सहाव्यासाठी आमच्यापाशी काहीच लिहिलेले नव्हते. कॉफी आली, लोक आपापसांत वाद घालीत राहिले, आणि नट वेश न उतरविता त्यांच्यात जाऊन बसले. संहिता मुक्त असते ती शेवट अनेक असल्याने, असे मी तोवर शिकवीत आलो होतो. आता वर्गात मी एको यांच्यासोबत त्या दोन कोऱ्या कागदांचाही दाखला देतो.